आईचं रक्त, बाळाचं रक्त


गरोदर बाई दवाखान्यात आली की मी रक्तगट पाहते. ए, बी, ओ सगळ्यांना ठाऊक असतं. माझी नजर आधी आरएचवर जाते. आई निगेटिव्ह आणि बाळ पॉझिटिव्ह असेल, तर बाळंतपणात बाळाचं थोडं रक्त आईच्या रक्तात मिसळतं. ते परकं समजून तिचं शरीर त्याविरुद्ध प्रतिपिंडं बनवू शकतं. पहिलं बाळ सहसा सुखरूप असतं, म्हणून कुणाला शंका येत नाही. पुढच्या खेपेला तीच प्रतिपिंडं बाळाच्या तांबड्या पेशी फोडतात. कधी मूल पोटातच जातं. पाड्यावर म्हणतात, नजर लागली.

बाळंतपणानंतर ७२ तासांत अँटी-डी इंजेक्शन दिलं, तर हे बहुधा टळतं. गेल्या पावसाळ्यात घरीच बाळंत झालेल्या एका निगेटिव्ह आईला आमच्या जीपने तिसऱ्या दिवशी पहाटे आणलं. इंजेक्शन वेळेत मिळालं. ती आता पुन्हा गरोदर आहे. तिच्यासाठी प्रार्थना करा.