दूरध्वनी आणि भाषासमिती

लालबाग-परळच्या धान्याच्या पेढीवर तगाद्याचा फोन आला की गल्ल्यावरून हाताची खूण होते आणि नोकर सांगतो, “शेठ बाहेर गेले आहेत.” रात्री घरी तेच वाक्य मुलाच्या तोंडी येते, “पप्पा घरी नाहीत.” व्यापारी कुटुंबात सर्वांत सहज बोलले जाणारे असत्य बहुधा हेच असावे. आपल्या धर्माने कृत, कारित आणि अनुमोदित अशा तिन्ही दोषांचा विचार केला आहे. असत्य दुसऱ्याकडून बोलविले, म्हणून ते आपले राहत नाही असे नव्हे. लहान मुलाकडून बोलविले तर त्याचा संस्कारही त्याच्या मनावर उमटतो.

यावर उपाय कठीण नाही. “शेठ आत्ता बोलू शकत नाहीत, चार वाजता फोन करतील,” एवढे म्हणणे पुरे. मात्र चार वाजता फोन झाला पाहिजे. आजी सामायिकात बसल्या असतील तर तसे सांगावे. ४८ मिनिटे थांबावयास कोणी नाराज होत नाही.

मुंबईत दूरध्वनी १८८२ साली आला. तरी पुढे अनेक दशके तो घरोघरी नव्हता. जोडणीसाठी वर्षानुवर्षे वाट पाहावी लागे. गिरगावच्या चाळीत एखाद्याच बिऱ्हाडी फोन असे आणि शेजारी आपल्या कार्डावर तो क्रमांक ‘पी.पी.’ असे लिहून छापीत. दुसऱ्याच्या घरी फोन करावयाचा म्हणून माणूस आधी आपले नाव सांगे, निरोप थोडक्यात देई आणि वेळ पाहून बोले. आज फोन प्रत्येकाच्या खिशात आहे. म्हणूनच “जय जिनेंद्र” म्हणून नाव सांगणे आणि “आत्ता बोलता येईल का?” असे विचारणे अधिक अगत्याचे झाले आहे. चौविहाराच्या वेळी, सूर्यास्ताच्या सुमारास, फोन टाळणे हेही सौजन्यच होय.

पाच समितींपैकी भाषासमिती म्हणजे विवेकपूर्वक, हितकारक आणि मोजके बोलणे. दशवैकालिक सूत्राचा सातवा अध्याय ‘वाक्यशुद्धी’ या नावाने प्रसिद्ध आहे. जे निश्चित ठाऊक नाही ते निश्चयाने सांगू नये, असा बोध त्यात साधूंना केला आहे. पेढीवरील माणसालाही तो तितकाच उपयोगी आहे. मालमोटार अजून निघालेली नसताना “माल उद्या नक्की पोहोचेल” असे म्हणण्यापेक्षा “मोटार निघाली की कळवितो” हे म्हणणे योग्य. त्या ‘नक्की’वर विसंबून समोरचा व्यापारी आपल्या गिऱ्हाइकाला शब्द देतो, आणि माल न पोहोचल्यास दोघांची पत जाते.

भाव आणि वजन यांबाबतही दक्षता हवी. एकोणसाठ आणि एकोणसत्तर कानाला जवळजवळ सारखेच लागतात. बाजारात मराठी, गुजराती, कच्छी, हिंदी अशी सरमिसळ चालते, त्यामुळे घोटाळा अधिक. म्हणून आकडा सुटा करून सांगावा: “पाच-नऊ, एकोणसाठ.” ऐकणाऱ्याने तो परत म्हणून दाखवावा आणि नंतर संदेशानेही पाठवावा. निरोप घेताना नाव, क्रमांक आणि वेळ वहीत लिहावी. स्मरणावर सोडू नये.

तत्त्वार्थसूत्राच्या सातव्या अध्यायात सत्याणुव्रताचे पाच अतिचार सांगितले आहेत. त्यांतील ‘रहोभ्याख्यान’ आणि ‘साकारमंत्रभेद’ या दोहोंचा संबंध दुसऱ्याचे गुपित उघड करण्याशी आहे. गिऱ्हाइकांनी भरलेल्या दुकानात, समोरच्याला न सांगता फोनचा स्पीकर चालू केला तर त्याची अडचण, त्याचे देणे, त्याच्या घरातील आजार हे सारे चारचौघांत जाते. थकबाकीसाठी घरी फोन केल्यास जो उचलेल त्याला रक्कम सांगू नये. ते देणे कदाचित त्या घरातील वृद्ध मातेला ठाऊकही नसेल.

शेवटी क्षमापनेचा फोन. संवत्सरी असो वा क्षमावाणी, शेकडो जणांना एकच तयार संदेश पाठविण्याची रीत रूढ झाली आहे. पण वर्षभरात ज्या आडत्याशी, ज्या भावाशी वा ज्या नोकराशी फोनवर कठोर शब्द झाले, त्याला त्या संदेशाने काय कळणार? तो तर सर्वांनाच गेलेला असतो. अशा दोन-चार जणांना स्वतः फोन करावा, त्या दिवशीच्या बोलण्याचा उल्लेख करावा आणि मग “मिच्छामि दुक्कडं” म्हणावे. यंदा ही यादी पर्युषणापूर्वीच लिहून ठेवावी.