घंटा ऐकणाऱ्या वह्या

समजा, एका ऑनलाइन दुकानात एका शब्दकोशाची एकच प्रत शिल्लक आहे. तीच प्रत 'शब्दकोश आणि व्याकरण' या संचातही विक्रीला ठेवली असून संचाची नोंद वेगळी आहे. तुम्ही शब्दकोश मागविला. त्याच्या नोंदीत १ चा ० झाला, पण संचापुढील १ तसाच राहिला. तासाभराने दुसऱ्या गावच्या मुलीने पैसे भरून तो संच घेतला. आता तिला काय पाठवावयाचे?

विक्रीच्या आज्ञावलीतच 'संचाची नोंद बदल, गोदामाला कळव, पावती धाड' असे लिहून ठेवता येईल. मात्र प्रत्येक नव्या कामासाठी तीच आज्ञावली उसवावी लागेल.

तुमच्या शाळेतले शिपाईमामा असे करीत नाहीत. तास संपला की ते घंटा देतात, वर्गावर्गांत जाऊन सांगत बसत नाहीत. घंटा ऐकून काय करायचे ते ज्याचे त्याला ठाऊक असते. नवी तुकडी निघाली तरी मामांचे काम तेवढेच!

संगणकातल्या अशा घंटेला 'घटना' म्हणतात आणि ती ऐकणाऱ्या छोट्या आज्ञावलीला 'निरीक्षक'. २००८ साली आलेल्या मॅजेन्टो या दुकान चालविणाऱ्या आज्ञावलीत ही सोय आहे. वस्तूची नोंद बदलली की घटना जाहीर होते. कोणती घटना कोणत्या निरीक्षकाने ऐकावी, याची यादी वेगळ्या फाइलीत असते.

यात एक गंमतीदार धोका आहे. तो वर्गात करून पहा. दोघांना एकेक वही द्या. नियम एकच : दुसऱ्याने वहीत लिहून टाळी वाजविली की आपणही तोच आकडा लिहून टाळी वाजवावयाची. एकाने ० लिहिताच टाळ्या सुरू होतील, आणि थांबणारच नाहीत! शब्दकोशाची नोंद संचाला जागे करील, संचाची शब्दकोशाला. आता नियमात भर घाला : 'आकडा आधीच बरोबर असेल तर लिहू नये, टाळीही वाजवू नये.' टाळ्या लगेच थांबतील.

दुसरी अडचण घंटेच्या वेळेची. मॅजेन्टोत 'सेव्ह आफ्टर' ही घटना नोंद लिहिल्यावर, पण ती कायम होण्यापूर्वी जाहीर होते. पुढे काही बिघडले तर नोंद मागे घेतली जाते. गोदामाला गेलेला निरोप मात्र परत येत नाही. म्हणून बाहेर निरोप धाडणाऱ्या निरीक्षकाला नोंद कायम झाल्यानंतरची 'सेव्ह कमिट आफ्टर' ही घटना ऐकावयास लावतात.