जळालेल्या ऑईलचा रिपोर्ट: जुनी गाडी घेण्याआधी आणि इंजिन खोलण्याआधी

मागच्या व्हिडिओत जुन्या गाडीच्या ऑईल टेस्टिंगवर दोन मिनिटं बोललो होतो. पण रिपोर्टमधले आकडे बोलून समजत नाहीत, समोर लिहिलेले लागतात. म्हणून हा लेख.

गेल्या महिन्यात आपल्या बॅचमधला एक पोरगा दुकानावर आला. सेलू-परभणी भाड्याने चालवायला जुनी गाडी घ्यायची होती. २०१२ ची डिझेल, गेजवर २ लाख १८ हजार किलोमीटर, मालकाने सांगितलेली किंमत १ लाख ९० हजार. पैशांसाठी आईचे दागिने गहाण पडणार होते आणि त्याच संध्याकाळी १० हजार इसार द्यायचा होता. मोबाईल पुढे करून म्हणाला, "भाऊ, गाडी एक नंबर आहे. मालकाने लॅबचा रिपोर्टच दिला. सगळं हिरवं."

बघितलं तर खरंच सगळं हिरवं. लोखंड ६, बाकीचे धातू एक-दोन. पण वरच्या बाजूला 'या ऑईलवर चाललेले किलोमीटर' असा एक रकाना असतो, तो कोरा होता. मी म्हटलं, "अरे थांब, इसार देऊ नको."

का थांबवलं, ते दुकानदारीच्या भाषेत सांगतो. समजा मी तुम्हाला म्हटलं, माझी उधारी २० हजार आहे. जास्त की कमी? सांगता येणार नाही. एका दिवसाची असेल तर मी बुडालो, वर्षाची असेल तर काही विशेष नाही. ऑईल रिपोर्टमधला प्रत्येक आकडा या उधारीसारखा आहे, तारखेशिवाय त्याला अर्थ नाही. इथे तारखेच्या जागी किलोमीटर.

आता ही तपासणी असते काय? इंजिन चालताना आतले भाग एकमेकांवर घासतात आणि धातूचे अतिबारीक कण ऑईलमध्ये मिसळतात. लॅबमध्ये ऑईलचा नमुना प्रचंड तापवतात, तेव्हा प्रत्येक धातू आपापल्या रंगाचा प्रकाश देतो. त्यावरून कोणता धातू किती ते कळतं. मोजमाप पीपीएममध्ये, म्हणजे दहा लाख भागांत किती भाग. हे काही कालचं तंत्र नाही. अमेरिकेतल्या डेनव्हर अँड रिओ ग्रांडे या रेल्वे कंपनीने १९४६ मध्ये डिझेल इंजिनांसाठी ते वापरायला घेतलं. आपल्या रेल्वेच्या डिझेल शेडमध्येही त्यासाठी लॅब असते. सेलू स्टेशनवरून इतकी वर्षं जी डिझेल इंजिनं धडधडत गेली, त्यांच्या ऑईलची अशीच तपासणी व्हायची. रेल्वे इंजिन उगाच खोलत नाही, आधी ऑईलला विचारते. आपण मात्र बोटावर ऑईल चोळतो, "लई काळं झालंय" म्हणतो आणि निर्णय घेतो. डिझेल गाडीत नवं ऑईल टाकलं तरी थोड्याच दिवसांत काजळीने काळं पडतं. रंगावरून काहीच कळत नाही.

कोणता धातू कुठून येतो, हे एकदा डोक्यात बसलं की अर्धं काम झालं. लोखंड लायनर, क्रँक, कॅम, गिअर अशा कितीतरी ठिकाणांहून येतं, म्हणून ते जास्त दिसणारच. क्रोमियम बहुतेक पिस्टनच्या रिंगांचं. ॲल्युमिनियम पिस्टनचं. शिसं आणि कथील बेरिंगचं. तांबं बेरिंग-बुशचं, पण ऑईल कूलरमधूनही येतं, म्हणून एकट्या तांब्याला घाबरायचं नाही. तांबं आणि शिसं जोडीने चढायला लागले तर मात्र बेरिंगकडे बघायचं. सोडियम-पोटॅशियम वाढलं तर कुलंट ऑईलमध्ये उतरतंय का, हेड गॅस्केट तपासायचं. काही ऑईलमध्ये सोडियम मुळातच टाकलेलं असतं, तेवढं लक्षात ठेवा. जस्त, फॉस्फरस, कॅल्शियम हे मोठे आकडे बघून दचकू नका, ती कंपनीने ऑईलमध्ये घातलेली औषधं आहेत.

आणि सिलिकॉन. आपल्या भागात सगळ्यात आधी मी हा आकडा बघतो. सिलिकॉन म्हणजे बहुतेक वेळा माती. उन्हाळ्यात वालूरकडे किंवा देवगाव फाट्याकडे आतल्या रस्त्याने एक फेरी मारा आणि बॉनेटवर बोट फिरवा. ती धूळ एअर फिल्टर चुकवून आत गेली की इंजिनात पॉलिश पेपरचं काम करते. मग सिलिकॉनसोबत ॲल्युमिनियम, लोखंड, क्रोमियम हे सगळेच वर जातात. गॅस्केटला लावलेल्या पेस्टमधूनही सिलिकॉन येतं, पण तेव्हा बाकीचे धातू जागेवर असतात. सिलिकॉन एकटं आलंय की टोळी घेऊन, हे बघायचं.

हे मी पुस्तकातून शिकलो नाही, खिशातून शिकलो असतो, थोडक्यात वाचलो. दुकानाचा माल आणायला माझ्याकडे २०१० ची डिझेल कार आहे. २ लाख ४० हजार किलोमीटर झाले, तेव्हा पिकअप कमी झाला, ऑईलही खायला लागली. मिस्त्रीने सांगितलं, इंजिन काम, ६५ हजार. माझं दुकान ऑईल-स्पेअर पार्टचं. गिऱ्हाइकाला शहाणपण शिकवायचं आणि स्वतःचं इंजिन अंदाजावर खोलायचं, हे मनाला पटेना. नमुना पाठवला.

रिपोर्ट आला तो पिवळ्या खुणेचा. लोखंड ९६, ॲल्युमिनियम १४, क्रोमियम ६, तांबं १८, शिसं ९, सिलिकॉन ५२. लोखंड बघून पोटात गोळा आला. मग वही काढली. कापसाच्या सीझनमध्ये धावपळीत ऑईल बदलायचं राहून गेलं होतं, ते तब्बल १२,४०० किलोमीटर चाललेलं. ९६ ला १२.४ ने भागलं तर हजार किलोमीटरला ७.७. इतकं वय झालेल्या इंजिनाला हे काही मरणाचं लक्षण नाही. त्यात मधे दोन लीटर टॉप-अप केलं होतं, म्हणजे खरा आकडा थोडा जास्तच धरायचा. शिसं-तांबं वयाच्या मानाने ठीक. पण सिलिकॉन ५२, आणि मागे टोळी उभी.

एअर फिल्टरच्या पुढचा रबरी पाइप काढून बघितला. खालच्या बाजूने, जिथे डोळा जात नाही तिथे, बोटभर चिरलेला. सगळी माती तिथून आत. नवा पाइप, नवा फिल्टर, नवं ऑईल. पुढचा नमुना बरोबर ५,००० किलोमीटरवर घेतला. लोखंड २४, सिलिकॉन ११. त्यापुढचा ५,२०० वर. लोखंड १९, सिलिकॉन ८. हजाराचा हिशेब केला तर लोखंड ७.७ वरून ४.८ आणि मग ३.७. गाडी अजून थोडं ऑईल खाते, झिजलेलं परत येत नसतं. पण ६५ हजार माझ्या भांडवलात राहिले आणि त्या वर्षी त्यातून मी बॅटरीचा माल भरला.

एकाच रिपोर्टवर निर्णय घेऊ नका असं मी म्हणतो ते याचसाठी. पहिला रिपोर्ट म्हणजे फक्त ओळख. दुसरा आणि तिसरा आल्यावर चाल कळते.

धातूंखाली आणखी दोन-चार ओळी असतात. १०० डिग्रीला जाडी किती, हे बघा. १५डब्ल्यू-४० ऑईलची जाडी १२.५ ते १६.३ सेंटीस्टोकमध्ये हवी. खाली गेली असेल तर ऑईलमध्ये डिझेल उतरतंय का ते तपासा, इंजेक्टरकडे जा. वर गेली असेल तर काजळी किंवा जास्त चाललेलं ऑईल. टीबीएन म्हणजे ॲसिड मारायची ताकद. नव्या डिझेल ऑईलमध्ये ती साधारण १० च्या आसपास असते आणि वापराने उतरत जाते.

नमुना घेताना लोक गडबड करतात. इंजिन गरम असताना घ्या. ड्रेन नट उघडल्यावर पहिली धार सोडून द्या, मधल्या धारेत कोरडी, स्वच्छ बाटली धरा. खालच्या टोपल्यातून भरू नका, त्यात गॅरेजची माती असते आणि मग सिलिकॉन बघून तुम्ही मलाच फोन करता. बाटलीवर गाडीचे एकूण किलोमीटर, ऑईलवरचे किलोमीटर, ऑईलचा ग्रेड आणि टॉप-अप लिहा. लॅब एनएबीएल मान्यतेची बघा.

एक मर्यादाही सांगतो, कारण ती व्हिडिओत राहिली. हे मशीन काही मायक्रॉनपर्यंतचेच बारीक कण मोजतं. बेरिंगचा मोठा तुकडा निघाला तर रिपोर्ट कदाचित शांतच दिसेल. म्हणून ऑईल फिल्टर कापून आतली घडी उघडून बघा, ड्रेन नटला चिकटलेला चुरा बघा. फुकटची तपासणी आहे. गिअरबॉक्स, क्लच यांबद्दल तर हा रिपोर्ट बोलतच नाही.

बरेच जण विचारतात, यात धंदा आहे का? एका गाडीच्या माणसाला दर वेळी टेस्ट विकायला जाल तर तो पुढच्या वेळी दुकानात येणार नाही. पण ज्याच्या चार-पाच गाड्या भाड्याने चालतात किंवा ज्याच्याकडे स्कूल व्हॅन आहेत, त्याच्या गाड्यांची वही तुम्ही ठेवली, नमुने घेतले, आकडे समजावून सांगितले, तर तो ऑईल, फिल्टर सगळं तुमच्याकडूनच नेतो. मला दोन गिऱ्हाइकं अशी टिकली आहेत. टेस्टवर मी काही कमवत नाही.

तर त्या पोराकडे येतो. त्याच्या रिपोर्टमध्ये टीबीएन १०.२ होता आणि काजळी जवळपास शून्य. २ लाख चाललेलं डिझेल इंजिन आणि काजळी शून्य? ऑईल नवं कोरं होतं. ते सहा लोखंडसुद्धा निथळून राहिलेल्या जुन्या ऑईलचं असणार. मालकाला फोन लावला, तर तो सरळ म्हणाला, हो, टेस्टच्या दोन दिवस आधी बदललं. त्याला फार दोष देत नाही, विकताना गाडी धुतात तसं लोक ऑईलही बदलतात.

मग दुसऱ्या दिवशी कॉम्प्रेशन तपासलं. चारही सिलिंडर जवळपास सारखे निघाले. ऑईलचं झाकण उघडून चालू इंजिनाचा धूर बघितला, फारसा नव्हता. एअर फिल्टरचा डबा मात्र मातीने भरलेला. त्यावर घासाघीस करून गाडी १ लाख ७२ हजाराला ठरली, आणि दागिने सगळे न ठेवता दोनच ठेवावे लागले. फिल्टर आणि पाइप त्याने माझ्यासमोर बदलले. गाडीचे किलोमीटर लिहिलेली रिकामी बाटली माझ्या काउंटरखाली आहे. नमुना ५,००० वर घ्यायचा ठरलाय, परवा विचारलं तेव्हा गाडी ३,२०० वर होती.