पोटखराब्यातील वनस्पतिवैभव : स्थानिक रानवनस्पतींची ओळख आणि पुनर्स्थापना

प्रस्तावना

सातबाराच्या उताऱ्यावर लागवडीयोग्य क्षेत्राच्या जोडीला ‘पोटखराबा’ अशी एक नोंद असते. ज्या जमिनीत पीक घेता येत नाही, तिचा हिशेब तेथे मांडलेला असतो. महसुली व्यवहाराच्या दृष्टीने ही नोंद आवश्यकच आहे. तथापि, काळाच्या ओघात हा महसुली शब्द निसर्गाविषयीचा निवाडाच होऊन बसला. खडकाळ माळ, जांभ्याचे सडे, डोंगरमाथ्यावरची पठारे, टेकड्यांचे उघडे उतार ही सारी भूमी ‘पडीक’ ठरली. पडीक म्हणजे ओसाड आणि ओसाड म्हणजे झाडे लावून हिरवी करावयाची जागा, असे समीकरण रूढ झाले. वस्तुतः महाराष्ट्रातील कितीतरी दुर्मीळ व प्रदेशनिष्ठ रानवनस्पती याच पोटखराब्यात वाढतात. या वनस्पतींचे स्वरूप काय, त्यांचा ऱ्हास कशाने होतो आणि त्यांची पुनर्स्थापना कोणत्या रीतीने करता येईल, याचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे.

सड्यावरील जीवनक्रम

साताऱ्याच्या पश्चिमेस सुमारे २५ किलोमीटरवर, समुद्रसपाटीपासून सुमारे १२०० मीटर उंचीवर असलेले कास पठार आता सर्वपरिचित आहे. २०१२ मध्ये युनेस्कोने पश्चिम घाटातील ३९ स्थळांचा जागतिक वारसा यादीत समावेश केला, त्यांत कासचाही अंतर्भाव आहे. मात्र एप्रिल महिन्यात हेच पठार पाहणाऱ्यास तेथे काळपट जांभ्याच्या कातळाशिवाय फारसे काही दिसत नाही. वारसा यादीत नसलेल्या शेकडो पठारांविषयी आपला गैरसमज होतो तो नेमका यामुळेच.

जांभ्याच्या थरावर मातीचा थर अत्यंत पातळ, बहुतेक ठिकाणी काही सेंटिमीटरांचाच असतो. पावसाळ्यात खालचा कातळ पाणी झिरपू देत नाही, म्हणून पृष्ठभाग दलदलीसारखा होतो. उन्हाळ्यात तीच जागा तापून वाळवंटासारखी होते. धो धो पावसाने मातीतील पोषकद्रव्ये वाहून जातात. अशा ठिकाणी मोठा वृक्ष सहसा तग धरीत नाही. येथील वनस्पतींनी निराळा मार्ग पत्करला आहे. कित्येक वनस्पती तीन-चार महिन्यांत उगवण, फुलोरा आणि बीजधारणा उरकून घेतात. इतर काही जमिनीखालच्या कंदाच्या आश्रयाने उरलेले वर्ष काढतात. नत्राची उणीव काहींनी कीटकांवर भागविली आहे. ‘सीतेची आसवे’ या नाजूक निळ्या-जांभळ्या फुलांच्या वनस्पतीला सूक्ष्म जीव पकडणाऱ्या पिशव्या असतात, तर दवबिंदूच्या पानांवरील चिकट थेंबांत लहान किडे अडकतात. डबक्यांत वायतुरा, ओलसर जागी गेंद, उतारावर तेरडा आणि पाऊस ओसरू लागताच सोनकी असा हा क्रम चालतो. ही मोकळी जागा नव्हे. ती पुरती व्यापलेली आहे, फक्त वर्षातील आठ महिने तेथील रहिवासी बी वा कंदाच्या रूपात असतात.

या संदर्भात कंदीलपुष्पाचे उदाहरण विशेष बोलके आहे. सेरोपेजिया या प्रजातीतील अनेक जाती केवळ पश्चिम घाटात व त्याच्या परिसरात आढळतात. फुलाची नळी तळाशी फुगीर असते आणि तिच्या आत खाली वळलेले केस असतात. गंधाने आकृष्ट झालेली बारीक माशी आत उतरते. परंतु केसांमुळे तिला परत वर येता येत नाही. कालांतराने ते केस कोमेजतात, माशी सुटते आणि अंगाला चिकटलेले परागपुंज घेऊन दुसऱ्या फुलाकडे जाते. म्हणजे हे फूल टिकावयाचे तर ती विशिष्ट माशी टिकली पाहिजे, माशीला लागणारा ओलावा व कुजणारा पालापाचोळा तेथे असला पाहिजे, आणि कंद खणून खाणाऱ्या रानडुकरापासून व माणसापासून काही कंद वाचले पाहिजेत. कोल्हापूरच्या शिवाजी विद्यापीठाच्या वनस्पती उद्यानात या प्रजातीचे संवर्धन करण्याचे महत्त्वपूर्ण कार्य झाले आहे. तरीही उद्यानातील कुंडीत जगलेले रोप हा केवळ आधार होय. मूळ पठार नष्ट झाल्यास ते परत कोठे लावावयाचे, हा प्रश्न उरतोच.

वृक्षारोपणाचा उत्साह

या वनस्पतींना खाणी, रस्ते, बांधकामे यांचा धोका आहे हे सर्वांना मान्य असते. आंबा-काजूच्या बागांसाठी कोकणातील सडे सुरुंग लावून फोडले जातात, हेही दिसते. परंतु सद्हेतूने होणाऱ्या हानीकडे फारसे लक्ष दिले जात नाही. महाराष्ट्रात २०१६ ते २०१९ या काळात अनुक्रमे २ कोटी, ४ कोटी, १३ कोटी व ३३ कोटी वृक्षलागवडीची उद्दिष्टे ठरविण्यात आली. एवढ्या रोपांना जागा हवी. आणि कागदोपत्री रिकामी जागा म्हणजे गायरान, माळ, टेकडी व पठार.

रोपांची निवडही सोयीने होते. मध्य अमेरिकेतून आलेला ग्लिरिसिडिया, ज्याला आपल्याकडे गिरिपुष्प वा उंदीरमारी म्हणतात, फांदी खोचली तरी जगतो आणि गुरे त्याला सहसा तोंड लावीत नाहीत. पुण्याच्या टेकड्यांवर तो मोठ्या प्रमाणात लावला गेला. त्याच्या दाट सावलीत गवत व पावसाळी फुलझाडे मागे हटतात. शिवाय तो शेंगवर्गीय असल्याने त्याच्या मुळांवाटे व पानगळीतून जमिनीतील नत्र वाढते. शेतीत हा गुण ठरतो. निकस मातीशी जुळवून घेतलेल्या वनस्पतींना मात्र तोच मारक होतो, कारण वाढलेल्या नत्रावर आक्रमक तणे माजतात. सोलापूरजवळील नान्नजच्या माळढोक अभयारण्याच्या परिसरातील माळावरही ग्लिरिसिडियाची लागवड झाली होती. उघड्या माळावाचून जो पक्षी जगू शकत नाही, त्याच्याच घरात ही झाडे लावली गेली.

अलीकडे ‘फक्त देशी झाडे लावा’ असा आग्रह धरला जातो. तो स्वागतार्ह आहे, पण पुरेसा नाही. वड आणि पिंपळ देशी खरे. तरी सड्यावर किंवा कुसळी-पवन्याच्या माळावर खड्डा खणून लावलेला वड तेथे उपराच ठरतो. त्या खड्ड्याने कातळावरील पाणी धरून ठेवणारी रचना मोडते ती वेगळीच. देशी असणे आणि त्या जागेचे असणे या दोन भिन्न गोष्टी आहेत. कोरड्या टेकडीच्या उतारावर कांडोळ, सालई, मोई, गणेर, पांगारा शोभतात. माथ्यावर गवतच असू द्यावे.

नावांचा लोप

‘तेरड्याचा रंग तीन दिवस’ ही म्हण वर्गात सांगितली जाते, परंतु तेरडा ओळखणारे विद्यार्थी विरळाच. गौरीच्या पूजेत तेरडा आणि कळलावी यांना मान आहे. गणपतीच्या एकवीस पत्रींत माका, आघाडा, डोरली, विष्णुक्रांत या बांधावरच्या वनस्पती आहेत. पूर्वी त्या घरातील मुले गोळा करीत. आता बाजारातील जुडीत कोणतीही पाने बांधलेली असतात आणि ती कोणी तपासत नाही. नाव गेले की नजरही जाते. पुण्याच्या आसपासच्या टेकड्यांवर मेक्सिकोकडून आलेला कॉसमॉस पिवळा-नारिंगी फुलतो, तेव्हा पुष्कळ जण त्याला सोनकी समजून त्याची छायाचित्रे काढतात. गाजरगवताविषयी असा गोंधळ होत नाही, कारण ते सुंदर दिसत नाही.

पुनर्स्थापनेची रीत

पुनर्स्थापनेचा आरंभ कुदळीने नव्हे, तर नोंदवहीने व्हावा. एखाद्या टेकडीवर पूर्वी काय होते हे थिओडोर कुक यांच्या १९०१ ते १९०८ या काळात प्रसिद्ध झालेल्या मुंबई इलाख्याच्या वनस्पतिकोशातून, तसेच पुण्यातील भारतीय वनस्पती सर्वेक्षण विभाग व आघारकर संशोधन संस्था आणि मुंबईतील ब्लॅटर हर्बेरियम येथील वाळविलेल्या नमुन्यांवरून बऱ्याच अंशी कळू शकते. त्यानंतर जून ते नोव्हेंबर असा एक पूर्ण हंगाम केवळ निरीक्षणात घालवावा. जेथे मूळ वनस्पती टिकून आहेत तेथे काहीही न लावणे हेच योग्य.

जेथे आक्रमण झाले आहे तेथे काम कष्टाचे आहे. कॉसमॉस बी धरण्यापूर्वी उपटावा लागतो. घाणेरी वरवर छाटल्यास अधिकच फुटते. ती जमिनीखाली, मुळाच्या मानेखाली तोडून काढावी लागते. ग्लिरिसिडिया एकदम न तोडता टप्प्याटप्प्याने विरळ करणे इष्ट, अन्यथा मोकळ्या झालेल्या जागेत घाणेरीच शिरते. रिकाम्या पट्ट्यात पवन्या, मारवेल यांचे ठोंब लावावेत आणि त्याच परिसरातून ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये गोळा केलेले बी विखुरावे. लांबच्या रोपवाटिकेतील बी आणण्याचा मोह टाळावा.

कुंपणाचा प्रश्न नाजूक आहे. कास पठारावर पर्यटकांना आवरण्यासाठी जाळीचे कुंपण घालण्यात आले, तेव्हा गुरांची चराईही थांबली. गवत वाढून लहान फुलझाडे झाकोळू लागल्याची तक्रार पुढे आली आणि कालांतराने कुंपण हटविण्यात आले. पठाराच्या घडणीत तेथील गुराख्याचाही वाटा असतो, हे संरक्षणाच्या घाईत विसरले गेले होते.

महाविद्यालयाचे आवार

नॅकच्या मूल्यांकनात हरित परिसराला स्थान असल्याने बहुतेक महाविद्यालयांत हिरवळ, बॉटल पाम आणि छाटलेली कुंपणझाडे आढळतात. या हिरवळीला उन्हाळाभर पाणी लागते. त्याच आवाराच्या मागील बाजूस, पाण्याच्या टाकीजवळ किंवा क्रीडांगणाच्या कडेला एखादा खडकाळ कोपरा असतो, ज्याची ऑगस्टमध्ये ‘स्वच्छता’ केली जाते. ती स्वच्छता नोव्हेंबरअखेर, बी पडून गेल्यानंतर करावी, एवढा बदल विनाखर्च करता येण्यासारखा आहे. वनस्पतिशास्त्र विभागाने तेथील वनस्पतींची दर पंधरवड्याची नोंद ठेवावी. मराठी विभागाने आसपासच्या गावांतील वृद्धांकडून त्यांची स्थानिक नावे, उपयोग व म्हणी टिपाव्यात. भूगोल विभागाने माती व उताराचा नकाशा करावा. पहिल्या वर्षी ही यादी बहुधा पन्नास-साठ नावांच्या पुढे जाणार नाही आणि त्यांतील काही वनस्पती परदेशी निघतील. यादीत त्यांचीही नोंद करावी, म्हणजे पुढील जूनमध्ये काय उपटावयाचे ते कळेल.