गोळी घेतली, जेवण राहिलं

गुड फ्रायडेची दुपार. कामोठ्याहून रिक्षातून एका मावशींना आमच्या अपघात विभागात आणलं. वय चौसष्ट. अंगावरची पांढरी साडी घामाने चिंब, नजर स्थिर नाही, मुलाने हाक मारली तर भलतंच उत्तर. बरोबरच्या बायकांना वाटत होतं, उन्हाचा त्रास झाला. कुणी म्हणालं, अर्धांगाचा झटका असेल. सिस्टरनी बोटाला सुई टोचली आणि ग्लुकोमीटरवर आकडा आला ४१. शिरेतून डेक्स्ट्रोज गेलं. दहा मिनिटांत मावशींनी डोळे उघडले, इकडेतिकडे पाहिलं आणि विचारलं, "सातवा उद्गार झाला का?"

ज्यांना संदर्भ माहीत नसेल त्यांच्यासाठी सांगते. या दिवशी अनेक चर्चमध्ये दुपारी बारा ते तीन उपासना असते आणि ख्रिस्ताने वधस्तंभावरून उच्चारलेल्या सात वाक्यांवर सात प्रवचनं होतात. मावशी चौथ्यापर्यंत शुद्धीवर होत्या.

मावशी माझ्या जुन्या पेशंट. माहेर-सासर दोन्ही नगर जिल्ह्यातलं. मुलगा नोकरीसाठी इकडे आला, त्याच्यामागून त्या कामोठ्याच्या एका चाळवजा इमारतीत राहायला आल्या. मधुमेह आणि रक्तदाब, दोन्ही आठ-दहा वर्षांपासून. ओपीडीत येताना त्यांच्या पिशवीत केसपेपरबरोबर एक वही असते. पहाटे त्या एक ख्रिस्ती रेडिओ कार्यक्रम ऐकतात. गावाकडे ट्रान्झिस्टरवर ऐकायच्या, आता नातवाने मोबाइलवर लावून दिलाय. आधी प्रार्थना, मग एक गाणं, मग श्रोत्यांची पत्रं. अमक्याच्या गुडघ्याचं ऑपरेशन आहे, तमकीची सून बाळंत व्हायची आहे, सगळ्यांनी आठवण ठेवा. शेवटी चार-पाच मिनिटं आरोग्याची. ते सगळं मावशी वहीत उतरवतात. 'मीठ वरून घेऊ नये.' 'जुलाबात पाणी बंद करू नये.' 'मिश्रीने तोंडाचा कॅन्सर.'

या मिश्रीबद्दल एक कबुली द्यायला हवी. मिश्री सोडा, असं मी त्यांना तीन वर्षं सांगत होते. सुटली नाही. रेडिओवर कुणा अनोळखी बाईचं पत्र वाचलं गेलं, तिने कशी सोडली, पहिले दहा दिवस कसे गेले, कोण पाठीशी राहिलं. आणि मावशींनी डबी फेकली. आमच्या ओपीडीत एका पेशंटला तीन-चार मिनिटं मिळतात. एवढ्या वेळात हुकूम सोडता येतो, सोबत करता येत नाही.

मग त्या दिवशी चुकलं कुठे? शुद्धीवर आल्यावर मी वही मागितली. त्या आठवड्यात कार्यक्रमात उपवासाविषयी सांगितलं होतं, आणि नीट सांगितलं होतं: आजाऱ्यांनी आपल्या ताकदीप्रमाणे करावा. मावशींना वाटलं, आपल्याला ताकद आहे. मधुमेह दुखत नाही, खुपत नाही, त्यामुळे आपण 'आजारी' आहोत असं त्यांच्या मनातच नव्हतं. त्याच वहीत दोन पानं आधी ठळक अक्षरात होतं: 'शुगरची गोळी एकही दिवस चुकवू नये.' त्यांनी दोन्ही पाळलं. सकाळी सातला ग्लिमेपिराइड घेतली आणि तोंडात पाण्याशिवाय काही घातलं नाही. दोन्ही सल्ले एकेकटे बरोबर, एकत्र आले की जिवावर बेतणारे. आणि गोळी चुकवू नका हे मीही त्यांना दर भेटीत सांगत होते. उपाशी असाल तर काय, हे मी कधीच सांगितलं नव्हतं.

ग्लिमेपिराइड, ग्लिक्लाझाइड, ग्लिबेनक्लामाइड या एका गटातल्या गोळ्या. त्या स्वादुपिंडाला इन्सुलिन सोडायला भाग पाडतात. पोटात अन्न आहे की नाही, याची त्यांना फिकीर नसते. जेवण नसेल तर साखर ७० मिलिग्रॅमच्या खाली घसरू लागते. आधी घाम, थरथर, धडधड, भूक. आणखी खाली गेली की मेंदूला इंधन कमी पडतं आणि माणूस असंबद्ध बोलतो, चिडतो, बेशुद्ध होतो. रक्तदाबासाठी मेटोप्रोलॉल किंवा अटेनोलॉलसारखी गोळी चालू असेल तर थरथर आणि धडधड दबून जाते, घाम तेवढा येतो. मावशींचं तसंच झालं असावं. मेटफॉर्मिन एकटी असेल तर साखर अशी सहसा पडत नाही. डापाग्लिफ्लोझिनसारख्या लघवीतून साखर बाहेर टाकणाऱ्या नव्या गोळ्यांचा धोका वेगळा: लांबलेल्या उपवासात रक्तात कीटोन आम्लं साठू शकतात, आणि तेव्हा साखर फारशी वाढलेली नसल्याने निदान हुकतं. म्हणजे 'शुगरची गोळी' ही एक वस्तू नाही, हे पेशंटला आणि कधीकधी घाईतल्या डॉक्टरलाही आठवून द्यावं लागतं.

माणूस शुद्धीवर असेल तर तीन चमचे साखर पाण्यात विरघळवून द्यावी, पंधरा मिनिटांनी पुन्हा तपासावी, मग जेवण. बेशुद्ध माणसाच्या तोंडात काहीही ओतू नये, ते फुप्फुसात जातं. सरळ दवाखाना गाठावा. आणि या गोळ्यांचा असर लांबतो, विशेषतः मूत्रपिंड थकलेलं असेल तर. म्हणून मावशींना बरं वाटत असूनही रात्रभर ठेवून घेतलं. त्या नाराज होत्या.

त्या रात्री राउंड संपवून घरी जाताना माझ्या मनात एक जुनी गोष्ट घोळत होती. श्रद्धा, रेडिओ आणि औषध या तिन्हींची गाठ सगळ्यात घट्ट बसली ती ऑस्ट्रेलियाच्या ओसाड मध्यभागात. १९१७ मध्ये हॉल्स क्रीक नावाच्या दूरच्या वस्तीत जिमी डार्सी हा गुराखी घोड्यावरून पडून जबर जखमी झाला. डॉक्टर नाही. तिथल्या पोस्टमास्तरने तारायंत्रावर तीन हजार किलोमीटरवरच्या पर्थमधल्या डॉक्टरला गाठलं आणि त्याच्या मोर्स संदेशांवरून चाकूने मूत्राशयाची शस्त्रक्रिया केली. डॉक्टर जहाज, मोटार अशी मजल दरमजल करत पोहोचला, तर रुग्ण आदल्याच दिवशी गेला होता. या घटनेने जॉन फ्लिन या प्रेस्बिटेरियन पाळकाच्या मनात आधीपासून असलेली कल्पना पक्की झाली. मे १९२८ मध्ये त्याच्या मिशनने क्लोनकरी गावाहून विमानाने डॉक्टर पाठवायला सुरुवात केली. पण विमान बोलवायचं कसं? आल्फ्रेड ट्रेगर या तंत्रज्ञाने १९२९ मध्ये त्यावर उत्तर काढलं: पायाने पॅडल मारून वीज तयार करणारा रेडिओ. घरातली बाई शिलाई मशीनसारखे पाय चालवायची आणि शेकडो किलोमीटरवर संदेश जायचा.

मला सगळ्यात आवडतो तो त्यापुढचा भाग. प्रत्येक मळ्यावर औषधांची पेटी ठेवली, त्यातल्या बाटल्यांना नुसते क्रमांक. १९५१ मध्ये लूसी गार्लिक या नर्सच्या सूचनेवरून शरीराचं एक चित्र तयार झालं, त्याच्याही भागांना क्रमांक. "कुठे दुखतंय?" या प्रश्नावर "पोटात" असं मोघम उत्तर येण्याऐवजी आकडा येई, आणि डॉक्टर सांगे, अमुक नंबरची बाटली, इतक्या गोळ्या. सगळे एकाच लहरीवर, त्यामुळे शेजारणीही ऐकत. खाजगीपणा शून्य, हे खरं. पण एकीच्या मुलाच्या खोकल्यावरचा सल्ला दहाजणींना मिळे.

दक्षिण अमेरिकेत इक्वेडोरची राजधानी किटो इथे १९३१ च्या नाताळला एचसीजेबी हे ख्रिस्ती केंद्र सुरू झालं, आणि १९५५ मध्ये त्याच संस्थेने तिथे रुग्णालय काढलं. हे शहर २८०० मीटर उंचीवर. विरळ हवेत अँटेनाच्या टोकांशी ठिणग्या उडून धातू जळायचा. क्लॅरेन्स मूर या अभियंत्याने टोकंच नसलेली, चौकोनी वेटोळ्याची अँटेना बनवली. हौशी रेडिओवाले ती आजही वापरतात. विषयांतर झालं, पण विज्ञानाच्या पानावर एवढं चालावं.

आपल्याकडे असे कार्यक्रम यायचे ते समुद्रापलीकडून. सेशेल्स बेटांवरचं फेबा हे केंद्र १९७० ते २००३ पर्यंत लघुलहरींवर भारतीय भाषांत बोलत होतं. बेटं आपल्यापासून सुमारे तीन हजार किलोमीटरवर. वातावरणाच्या वरच्या विद्युतभारित थरावर आपटून लहरी खाली उतरायच्या, म्हणून आवाज येता-जाता हेलकावायचा. आवाजाचा तो हेलकावा मावशींना अजून आठवतो. पुण्याच्या सॅलिसबरी पार्कमधून अॅडव्हेंटिस्ट मंडळींचं 'हेराल्ड ऑफ हेल्थ' निघतं, तेही याच परंपरेतलं. त्याही आधी, १८४२ मध्ये अहमदनगरला सुरू झालेल्या 'ज्ञानोदय'ने धर्माबरोबर शास्त्रीय माहिती मराठीत छापायला घेतली होती.

याच अॅडव्हेंटिस्टांचा अभ्यास कॅलिफोर्नियात अनेक दशकं चालू आहे. तंबाखू-दारू नाही, बरेचसे शाकाहारी, आठवड्याला एक दिवस सक्तीची विश्रांती. २००१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या आकड्यांनुसार तिथले अॅडव्हेंटिस्ट पुरुष इतर कॅलिफोर्नियावासीयांपेक्षा ७.३ वर्षं आणि स्त्रिया ४.४ वर्षं जास्त जगत होत्या. यात चमत्कार नाही. मिश्री न लावणाऱ्या माणसांच्या गोतावळ्यात राहिलं की मिश्री सुटते, इतकं ते साधं आहे. २०१६ मध्ये अमेरिकेतल्या सुमारे ७४ हजार परिचारिकांच्या पाहणीत, आठवड्यातून एकापेक्षा अधिक वेळा उपासनेला जाणाऱ्या स्त्रियांत मृत्यूचं प्रमाण कधीच न जाणाऱ्यांपेक्षा ३३ टक्क्यांनी कमी दिसलं. अशा पाहणीतून कारण सिद्ध होत नाही, पण सोबतीचा वाटा त्यात असणार असं मला वाटतं.

आणि दूरवरून केलेल्या प्रार्थनेचं काय? तीही तपासून झाली आहे. २००६ च्या अमेरिकी अभ्यासात हृदयाच्या बायपासचे १८०२ रुग्ण होते. प्रार्थना होत असेल-नसेल असं सांगितलेल्या दोन गटांत, एकासाठी प्रार्थना झाली, दुसऱ्यासाठी नाही; गुंतागुंत ५२ आणि ५१ टक्के, म्हणजे फरक नाही. तुमच्यासाठी नक्की प्रार्थना चालू आहे असं ज्यांना सांगितलं होतं, त्यांच्यात ५९ टक्के. माझी प्रकृती इतकी बिघडली की काय, या धास्तीने झालं असेल, अशी एक शक्यता संशोधकांनी मांडली. मावशींना मी हे सांगितलं नाही. त्यांच्या आजारपणात अनोळखी माणसं त्यांचं नाव घेतात, हे त्यांना हवं असतं, आणि त्याने त्यांची गोळी सुटत नाही तोवर माझी काही हरकत नाही.

सुटते तेव्हा मात्र हरकत आहे. 'मी गोळ्या फेकल्या आणि बरा झालो' अशा साक्षी कुठल्याही धर्माच्या मंचावरून ऐकू येतात. मधुमेह बरा करण्याच्या चमत्कारी उपायांची जाहिरात करायला १९५४ च्या कायद्याने बंदी आहे; पण साक्ष ही जाहिरात नसते, त्यामुळे ती सुटून जाते. क्षयाची औषधं अशा भरवशावर अर्धवट सोडलेली माणसं पुन्हा आमच्याच वॉर्डात येतात, आणि तेव्हा जंतू औषधाला दाद देत नाहीत.

मावशींच्या गावाकडचंच उदाहरण म्हणजे जामखेड. डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे या ख्रिस्ती दांपत्याने १९७० मध्ये तिथे काम सुरू केलं, १९७९ मध्ये त्यांना मॅगसेसे पुरस्कार मिळाला. तेव्हा त्या भागात हजारामागे १७६ बाळं वर्षाच्या आत जात होती. पुढच्या काही दशकांत तो आकडा तिशीखाली आला. त्यांच्याकडे रेडिओ केंद्र नव्हतं. गावातल्याच बायका, बऱ्याचशा निरक्षर, अनेक दलित, शिकून घरोघर जात. बाळंतपणाबद्दल त्या बोलायच्या, आणि समोरची उलट विचारायची. उलट विचारता येणं ही मोठी गोष्ट आहे. मावशींच्या कार्यक्रमात पत्रं जात होती, म्हणून ते नुसतं प्रवचन नव्हतं.

म्हणून डिस्चार्जच्या सकाळी मी त्यांच्या नातवाला म्हटलं, मोबाइल काढ. मी चार वाक्यं बोलले. उपवास करायचा असेल तर आठवडाभर आधी डॉक्टरला विचारा. गोळीचं नाव घेऊन विचारा. घाम, थरथर, भ्रम वाटला तर उपवास त्याच क्षणी सोडा. मूत्रपिंड किंवा हृदयाचा आजार असेल, इन्सुलिन चालू असेल तर कडक उपवास नकोच. नातवाने ते कार्यक्रमाला पाठवलं. मावशींनी त्यांच्या पाळकांनाही विचारलं. ते म्हणाले, आजाऱ्याने उपाशी राहिलंच पाहिजे असं आम्ही कधी म्हटलं? कॅथलिक नियमातही साठीच्या उंबरठ्याशी उपवासाचं बंधन संपतं. हे एकादशीला, अंगारकीला, नवरात्रात, रमजानमध्ये येणाऱ्या माझ्या इतर पेशंटनाही तितकंच लागू आहे. रमजानसाठी तर गोळ्यांच्या वेळा कशा बदलाव्यात याच्या तपशीलवार आंतरराष्ट्रीय मार्गदर्शक सूचना आहेत. एकादशीसाठी आम्ही डॉक्टरांनी तितके कष्ट घेतलेले नाहीत.

माझा आवाज तीन आठवड्यांनी लागला म्हणे. मी ऐकला नाही, पहाटे पाचला मी झोपलेली असते. पण त्यानंतर ओपीडीत दोन अनोळखी बायका गोळ्यांची रिकामी पाकिटं घेऊन आल्या आणि म्हणाल्या, यातली कुठली ते सांगा.

यंदा उपवासकाळ लागायच्या आधीच मावशी आल्या. वही उघडून टेबलावर ठेवली, पेन माझ्या हातात दिलं. मी ग्लिमेपिराइडच्या नावाभोवती गोल काढला आणि बाजूला लिहिलं, 'जेवण नाही तर ही नाही.' त्यांनी वाचलं, वही मिटली, मग पुन्हा उघडून विचारलं, "आणि दुपारी लिंबूपाणी साखरेचं की मिठाचं?"