शाळा की लढा?

एलिएझर बेन येहुदा 1881 साली पॅलेस्टाईनला गेला. आपल्या मुलाच्या कानावर हिब्रूखेरीज दुसरी भाषा पडू नये, असा त्याने हट्ट धरला. भाषेची किंमत घरच्यांनी मोजली. हे वाचताना मला आपल्या जिल्ह्यातील हिप्परगा आठवले. तेथल्या राष्ट्रीय शाळेत 1929 साली व्यंकटेश खेडगीकर हे तरुण शिक्षक आले. मराठी काही हिब्रूसारखी पोथ्यांपुरती उरली नव्हती. ती घरात, शेतात, कीर्तनात नांदत होती. पण निजामी राज्यात कचेरीची भाषा उर्दू, आणि 1918 साली निघालेल्या उस्मानिया विद्यापीठाचे माध्यमही उर्दूच! तेव्हा मराठीतून शिकवणे हेच एक बंड होते.

संसाराचा प्रश्न त्यांनी टिळक गेले तेव्हाच, अविवाहित राहण्याचा निश्चय करून, मिटवला होता. 1932 साली संन्यास घेऊन ते रामानंद तीर्थ झाले. खरा पेच, माझ्या मते, पुढचाच. शाळा टिकवायची तर सरकारशी जुळवून घेणे आले. 1938 साली स्टेट काँग्रेसच्या सत्याग्रहात ते तुरुंगात गेले आणि वर्ग सुटला तो सुटलाच. मात्र 1948 साली हैदराबाद मुक्त झाल्यावर त्या राज्याची भाषावार विभागणी व्हावी, असा आग्रह धरणाऱ्यांत तेच पुढे होते. 1956 साली ती झाली.