मोडीत घालण्यापूर्वी

लग्न ठरले की घरातील जुना जिन्नस बाहेर निघतो, सराफाच्या पेढीवर तोलला जातो आणि त्याच्या बदल्यात नव्या घडणीचा दागिना घरी येतो. आपल्या व्यापारी कुटुंबांत हा व्यवहार इतका अंगवळणी पडला आहे की, आटणीत नेमके काय गेले याचा विचार सहसा होत नाही. सोने कुठेच जात नाही. जाते ती घडण आणि तिच्यासोबतची स्मृती.

बीड, अंबाजोगाई, परळी, माजलगाव येथील जुन्या घरांत दोन परंपरांचे अलंकार एकत्र सापडतात. राजस्थानातून आलेल्या घराण्यांत बोर, आड, तिमणिया, जडावाचे बाजूबंद. तर इथल्या मातीतली ठुशी, चिंचपेटी, गोठ, बोरमाळ आणि पुतळीहार. एकाच कपाटातील हे दोन कप्पे म्हणजे त्या घराच्या स्थलांतराचा आणि रुजण्याचा लेखच होय.

दागिन्यांच्या शेजारी प्रसाधनाच्या वस्तूही असतात आणि त्यांची उपेक्षा अधिक होते. झाकणात आरसा बसवलेली फणीकरंड्याची पेटी, कोयरीच्या आकाराचा कुंकवाचा करंडा, मेणाची डबी, सुरमेदाणी, अत्तरदाणी, टाचा घासण्याची पितळी वज्री. पूर्वी कपाळावर आधी मेणाचा ठिपका लावून त्यावर कोरडे कुंकू बसवीत. टिकल्या आल्या आणि मेणाची डबी अडगळीत गेली. पुढे आरसा व पफ असलेली पावडरची चपटी धातूची डबी शहरी घरांतून आली. पाश्चात्त्य देशांत १९२०च्या दशकात ती फार लोकप्रिय झाली. बर्मिंगहॅमच्या स्ट्रॅटन कंपनीच्या मीनाकाम केलेल्या डब्यांचे आज जगभर संग्राहक आहेत. आपल्याकडे १९५२ साली टाटा समूहाने लॅक्मे सुरू केल्यानंतर देशी प्रसाधनांना प्रतिष्ठा लाभली.

अशा घरगुती वस्तूंचे मोल ओळखणारा पुरुष महाराष्ट्राला लाभला, तो म्हणजे पुण्याचे दिनकर गंगाधर केळकर (१८९६–१९९०). चष्म्यांचा व्यवसाय सांभाळून आणि ‘अज्ञातवासी’ या नावाने कविता लिहीत त्यांनी १९२०च्या सुमारास संग्रहास आरंभ केला. अडकित्ते, दिवे, वज्री, फण्या, करंडे, दागिने असे वीस हजारांहून अधिक जिन्नस त्यांनी पत्नी कमलाबाईंच्या साथीने गावोगाव हिंडून मिळवले. अकाली निधन पावलेल्या मुलाच्या स्मरणार्थ संग्रहालयाचे नाव ‘राजा’ ठेवले आणि आयुष्यभराचा हा ठेवा महाराष्ट्र शासनाच्या स्वाधीन केला. जमवणे आणि सोडणे यांचा असा मेळ अपरिग्रहाचे संस्कार झालेल्या वाचकांना विशेष भावेल.

बँकेतील नोकरीत सोनेतारण कर्जाचे काम मी अनेक वर्षे पाहिले. तेथे दागिन्याचे ढोबळ वजन घेतात. खडे, मोती, लाख यांचे वजन वजा करून निव्वळ वजन काढतात आणि कसानुसार किंमत धरतात. कारागिरीची किंमत शून्य! कर्जासाठी ही पद्धत योग्यच आहे. परंतु घराने तोच एक हिशेब मानावा, असे नाही. जडावाच्या दागिन्यात लाखेचा भाग मोठा असतो, म्हणून मोडीत त्याचे सोने अपेक्षेपेक्षा कमी भरते, आणि मागील बाजूचे मीनाकाम तर कायमचेच जाते. वाटणीच्या वेळी पुतळीहार तोडून पुतळ्या मोजून देण्यापेक्षा, एकाने हार ठेवावा व इतरांना त्या दिवसाच्या भावाने रक्कम द्यावी. हिशेबही चोख राहतो आणि हारही.

जतनाचे काम खर्चिक नाही. प्रत्येक वस्तूचे छायाचित्र, वजन, ती कोणाकडून कोणाकडे आली याची नोंद एका वहीत करावी. घरातील वडीलधाऱ्या स्त्रियांना आजच विचारून घ्यावे. नथीच्या मोत्यांना अत्तर वा आम्ल लागू देऊ नये. ते मऊ कापडाने पुसून ठेवावेत. चांदी काळवंडते ती गंधकामुळे, म्हणून तिला रबरबँड लावू नये. लाख भरलेला दागिना गरम पाण्यात टाकू नये.

कायद्याचेही भान हवे. १९७२च्या पुरावस्तू कायद्यानुसार शंभर वर्षांहून जुन्या पुरावस्तू खाजगी व्यक्तीला देशाबाहेर नेता येत नाहीत, आणि त्यांच्या विक्रीच्या व्यवसायास परवाना लागतो. परदेशी राहणाऱ्या नातीला पणजीचा दागिना देताना हे आधी तपासावे. हस्तिदंती फणी वा डबी मात्र कोणत्याही मोहाने विकत घेऊ नये. हस्तिदंताचा व्यापार कायद्याने निषिद्ध आहे. आणि त्यामागील हिंसा आपल्याला वेगळी सांगावी लागू नये.

प्रत्येक जुनी वस्तू राखणे शक्य नाही, आवश्यकही नाही. गरजेच्या वेळी सोने मोडावे, त्यासाठीच ते असते. परंतु प्रत्येक पिढीने एक दागिना आणि एक डबी तरी तशीच पुढे द्यावी, नोंदीच्या वहीसह. घरात कोणालाच ती सांभाळणे जमत नसेल, तर संग्रहालयाचे दार ठोठवावे. सराफाची भट्टी हा शेवटचा पर्याय असावा.